उलटी गाठ कुणाच्या हिशेबाने?

पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येते, जखम सुकली की बसून जाते, आणि त्या गाठीत काय घडून गेले याचा विचार कोणी करत नाही. जनावरांच्या डॉक्टरला तो करावा लागतो. बेंगळुरूत हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी गाईच्या खांद्यापुढे बोटे खुपसून गाठ चाचपणे हा अगदी प्राथमिक धडा. लम्पी या गुरांच्या त्वचारोगात हीच गाठ फुगते. मेलेल्या जनावरातून काढलेली गाठ फॉर्मलिनमध्ये मुरते, मेणात बसते आणि मायक्रोटोमच्या पात्याखाली येते. फॉर्मलिनने डोळे चुरचुरतात, पण नजर खिळते ती तंत्रज्ञाच्या हातावर. मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतके पातळ काप एकमेकांना चिकटून फितीसारखे बाहेर येतात. कुंचल्याच्या टोकाने ती फीत कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती गेली की काच तिरकी बुडवून अलगद उचलायची. घाई केली तर गाठीचा सगळा नकाशा चुरगळतो. रंग चढवल्यावर शेळीच्या गाठीत निळे गोल पुंजके कडेकडेने दिसतात. डुकराच्या गाठीत ते आत, मध्याकडे असतात. पाठ्यपुस्तके या रचनेला ‘उलटी’ म्हणतात. माझी हरकत त्या शब्दाला आहे.

सुलटे काय, हे ठरवले कोणी? ऑक्सफर्डला जेम्स गोवन्स यांनी उंदरांच्या छातीतल्या मोठ्या लसीकानळीत, म्हणजे लिंफ वाहून नेणाऱ्या नळीत, बारीक नळी घातली आणि तिथून वाहणाऱ्या लिंफोसाइट या पांढऱ्या पेशी रक्तातून पुन्हा लसीकेत परततात, हे १९५९ मध्ये दाखवून दिले. पुढे कॅनबेरात हॉल आणि मॉरिस यांनी मेंढीच्या गुडघ्यामागच्या एकाच गाठीची बाहेर जाणारी नळी पकडली. १९६५ मधला त्यांचा आकडा असा, की गाठीतून बाहेर पडणाऱ्या पेशींपैकी निदान ९५ टक्के तिथे जन्मलेल्याच नसतात. त्या रक्तातून आलेल्या पाहुण्या. ९५ टक्के! म्हणजे गाठ हा पेशींचा कारखाना कमी आणि एसटी स्टँड जास्त. पण हा आकडा हाती लागला तो मेंढीच्या नळीखाली भांडे धरले म्हणून. डुकराच्या गाठीतून बाहेर पडणाऱ्या लसीकेत लिंफोसाइट नावापुरत्याच सापडतात. १९८० च्या दशकात रिचर्ड बिन्स आणि राइनहार्ड पाब्स्ट यांनी मांडलेला उलगडा असा, की डुकरात पेशी गाठीतल्या रक्तवाहिन्यांतून आत येतात आणि परत थेट रक्तातच उतरतात. गोवन्स यांच्या टेबलावर उंदराऐवजी डुकराचे पिल्लू असते, तर पेशींची ही येरझार उमगायला किती वर्षे लागली असती कोण जाणे.

यावर आक्षेप येतो तो रसायनाच्या बाजूने. वाट कोणतीही असो, ओढ एकच, असे म्हणता येईल. स्फिंगोसिन-१-फॉस्फेट हा स्निग्ध रेणू रक्तात आणि लसीकेत भरपूर असतो, गाठीच्या आत अगदी कमी. त्याचा माग घेणारा ग्राहक (रिसेप्टर) पेशीच्या अंगावर असला की ती बाहेर खेचली जाते. संसर्ग आला की पेशी तो ग्राहक आत ओढून घेते आणि गाठीतच थांबते. येणाऱ्यांची रांग चालू, जाणाऱ्यांचे दार बंद, म्हणून गाठ फुगते. अवधाणामागे हेही एक कारण. ग्राहकाचे हे काम २००४ मध्ये उंदरांवर सिद्ध झाले, आणि हेच दार औषधाने बंद करणारे फिंगोलिमॉड २०१० मध्ये अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांसाठी मंजूर झाले. उंदरावरून माणसावर उडी मारली आणि ती साधली, हे कबूलच करावे लागते. पण ती का साधली? माणसाच्याही छातीतल्या नळीत लिंफोसाइट दाटीने असतात. माणूस या बाबतीत मेंढी-उंदराच्या पंगतीतला. शिवाय तो रेणू रक्तातही भरपूर आणि लसीकेतही, तेव्हा ओढ एकच म्हटल्याने पेशीने कोणती भिंत ओलांडली हे कळत नाही.

एका डुकरासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. अवयवरोपणात आणि लशींच्या चाचण्यांत माणसाच्या जागी उभे केले जाते ते अनेकदा हेच जनावर, आणि जपानी मेंदूज्वराचा विषाणू वाढतो तोही याच्या अंगात. हेब्बाळहून बल्लारी रस्त्याने थोडे पुढे गेले की राष्ट्रीय जैविक विज्ञान केंद्र लागते; तिथे उंदीर असावेत हे योग्यच, कारण जनुक काढून परिणाम पाहण्याची सोय डुकरात इतकी सहज नाही. मात्र सोयीने निवडलेल्या प्राण्याला प्रमाण मानून दुसऱ्याला उलटा ठरवणे हा शास्त्राचा नव्हे, सवयीचा निवाडा झाला. डुकराच्या गाठीतून येणारा लसीकेचा थेंब काचेवर घेतला तर त्यात चुकार चार पेशी दिसतात. त्याच ९५ टक्क्यांचा हिशेब इथे लावायचा, तर भांडे लसीकेच्या नळीखाली नाही, शिरेखाली धरावे लागेल.