शेवट सांगू नका हं!

दोस्तांनो, रहस्यकथा वाचून झाली, की खरा चोर कोण हे पोटात मावत नाही. कधी एकदा मित्राला सांगतो असं होतं. पण खबरदार! भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेशला, म्हणजे आपल्या फास्टर फेणेला, एवढं संकटात टाकलं, ते काय तुम्ही शेवट फोडावा म्हणून? मित्राला पहिलं प्रकरण वाचून दाखवा आणि ऐन रंगात थांबा. पुढचं पुस्तक तो हातातून ओढूनच घेईल.

आणि चित्रांची पुस्तकं? ‘ती तर बाळांची,’ म्हणून नाक मुरडू नका. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’मध्ये शब्द थोडे, चित्रं बोलकी. एरिक कार्ल यांच्या १९६९ सालच्या खादाड सुरवंटाच्या पुस्तकात तर पानांना चक्क भोकं आहेत, सुरवंटानं खाल्लेली! छोट्यांचं बोट त्यात जाणारच.

तुमच्यापैकी कुणी वर्गात मोठ्यानं वाचताना अडखळत असेल, मुलं हसत असतील, तर घरातल्या धाकट्या भावंडाला असं एखादं पुस्तक रोज वाचून दाखवा. ते हसत नाही. ‘पुन्हा वाच ना’ म्हणतं. दहाव्यांदा वाचताना जीभ आपोआप वळते. (आईबाबा, तेवढा वेळ तुम्ही स्वयंपाकघरातून चुका सुधारू नका बरं का!)