चित्रकथांतील समुद्रपर्यटन

नांदेड व लातूर या भागांतील विद्यार्थ्यांस समुद्र बहुधा नकाशांतील निळ्या रंगावरूनच ठाऊक असतो. जहाजें, वादळें व चांचे यांची ओळख त्यांस प्रथम होते ती चित्रकथांच्या पुस्तकांतून. आणि असें पुस्तक मुलाच्या हातीं दिसलें कीं पुष्कळ पालकांच्या कपाळास आंठी पडते. ही आंठी कितपत योग्य आहे, याचा विचार येथें करावयाचा आहे.

इंग्लंडांत ग्रीनिच येथें नौकानयनाचें राष्ट्रीय संग्रहालय आहे. तेथें २००४ सालीं टिनटिन या बालवीराच्या चित्रकथांतील समुद्रप्रवासांवर एक प्रदर्शन भरलें होतें. एवढ्या थोर संस्थेनें करमणुकीच्या पुस्तकांस हा मान कां द्यावा? कारण असें कीं, टिनटिनचा जनक बेल्जियन चित्रकार एर्जे हा खऱ्या जहाजांचे आराखडे व नमुने बारकाईनें पाहून चित्रें काढीत असे. १९४३ सालीं पुस्तकरूपानें निघालेल्या त्याच्या एका कथेंतील 'युनिकॉर्न' ही युद्धनौका सतराव्या शतकांतील फ्रेंच युद्धनौकांच्या धर्तीवर रेखाटलेली आहे. कथा कल्पित, परंतु जहाज अभ्यासिलेलें! उत्तम चित्रकथेची ही पहिली खूण होय.

आपल्याकडे १९६४ पासून १९९० पर्यंत निघालेलीं 'इंद्रजाल कॉमिक्स' कित्येक पालकांस आठवत असतील. त्यांतील वेताळाच्या वंशाची कथाही समुद्रावरच सुरू होते. १५३६ सालीं चांच्यांनीं एका जहाजावर हल्ला केला. त्यांतून एकटा वांचून किनाऱ्यास लागलेल्या पुरुषानें चांचेगिरीचा नाश करण्याची शपथ वाहिली, असें तींत सांगितलें आहे.

परंतु चित्रांच्या मालिकेनें समुद्राची कथा सांगण्याची ही कला परदेशांतून आपणांकडे प्रथमच आली, असें मात्र कोणी समजूं नये. आपल्या मराठवाड्यांतच, अजिंठ्याच्या लेण्यांत, सुमारें पंधराशें वर्षांपूर्वीच्या अशा कथा भिंतींवर रंगविलेल्या आहेत. दुसऱ्या लेण्यांत पूर्ण नांवाच्या भिक्षूची कथा आहे. हा मूळचा शूर्पारक, म्हणजे आजचें नालासोपारा, येथील व्यापारी. त्याचा भाऊ चंदनासाठीं समुद्रपार गेला असतां यक्षाच्या कोपानें नौका वादळांत सांपडली. भावानें पूर्णाचें स्मरण केलें, पूर्ण धांवून आला व सर्वांचे प्राण वांचले. ती नौका नीट पाहावी. तिला तीन डोलकाठ्या असून त्यांवर लांबट शिडें आहेत. बाजूस सुकाणूंचीं मोठीं वल्हीं आहेत, नाळेवर डोळा रंगविला आहे, आणि मागल्या बाजूस छताखालीं घडे मांडलेले आहेत. हे घडे कशासाठीं? चोहोंकडे पाणी असूनही समुद्रावर पिण्यास थेंब मिळत नाहीं. तेव्हां ते गोड्या पाण्याचे असावेत, हें अनुमान सहज निघतें.

सतराव्या लेण्यांत सिंहलाची कथा आहे. तींत नौका फुटून राक्षसींच्या बेटास लागलेले व्यापारी आहेत, तसेच हत्तीघोड्यांसह समुद्र ओलांडणारें सैन्यही आहे. आजच्या पुस्तकांत प्रत्येक प्रसंग चौकटींत बसवितात. अजिंठ्याच्या भिंतीवर चौकटी नाहींत. एकच पुरुष पुनःपुन्हा दिसतो, आणि मध्यें येणारें द्वार, वृक्ष किंवा खडक एक प्रसंग संपून दुसरा लागल्याचें सुचवितात. येथें नौका लहान व हत्ती मोठे दिसतात. चित्रकाराचें लक्ष कथेकडे होतें, मापाकडे नव्हे. म्हणून चित्रांतील कोणती गोष्ट पाहून काढलेली व कोणती शोभेसाठीं वाढविलेली, हें निवडण्यास पाहणाऱ्यानें शिकलें पाहिजे.

समुद्रापासून दूर असलेल्या या प्रदेशांत नौकेची चित्रें कां आलीं, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर लातूरपासून फार दूर नसलेल्या तेर या गांवीं मिळतें. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकांतील एका ग्रीक नाविकाच्या ग्रंथांत तगराचें कापड गाड्यांतून भरुच बंदरास जात असल्याची नोंद आहे. तेथून तें जहाजांत चढे. तेर येथें रामलिंगप्पा लामतुरे यांनीं जमविलेल्या प्राचीन वस्तूंचें संग्रहालय आहे. त्यांतील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचें साम्य विद्वानांनीं थेट इटलींतील पाँपेई येथें १९३८ सालीं सांपडलेल्या मूर्तीशीं जोडलें आहे. समुद्र आपल्या दाराशीं नव्हता, परंतु आपल्या मागांवरील कापड समुद्रापार जात होतें.

पालकांस विनंति एवढीच कीं, चित्रकथेचें पुस्तक हिसकावून घेण्याऐवजीं मुलाजवळ बसून तें पाहावें. हें जहाज कशावर चालतें, वारा कोणत्या दिशेचा आहे, प्यावयाचें पाणी कोठें ठेविलें आहे, असे प्रश्न त्यास विचारावे. ज्या पुस्तकांत अशा प्रश्नांस उत्तर नाहीं, तें मूल आपण होऊन बाजूस ठेवील. सुटींत एकदां तेर व अजिंठा सहकुटुंब पाहावें. अजिंठ्याचीं चित्रें जीर्ण झालीं आहेत. दमट हवा व माणसांचा श्वासही त्यांस बाधतो. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, तेथें भिंतीस हात न लावतां, गलबला न करतां उभे राहा व नाळेवरील तो डोळा शोधा. पंधराशें वर्षें तो उघडा आहे. तुमच्या मुलांसही तो दिसावा, हें आतां तुमच्या हातीं आहे.