विज्ञान-सुविधांचा नकाशा आणि कचारगडचा परिसर

धरण कोठे बांधावे हे ठरविण्यापूर्वी नदीचे खोरे मोजावे लागते. त्याचप्रमाणे संशोधनासाठी निधी देण्यापूर्वी कोणती प्रयोगशाळा कोठे आहे, तेथे कोणती उपकरणे आहेत आणि त्यांचा उपयोग कितपत होतो, याची नोंद शासनाजवळ असावी लागते. विज्ञान-सुविधांचा नकाशा म्हणजे हीच नोंद होय.

महागडी उपकरणे प्रत्येक संस्थेला परवडत नाहीत, हे ओळखून केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९७० च्या दशकात सामाईक उपकरण केंद्रांची योजना हाती घेतली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत असे केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले. नागपूर विद्यापीठालाही या योजनेचा लाभ मिळाला. परंतु एकाच शहरातील दोन संस्थांनी तेच उपकरण घ्यावे आणि दूरच्या जिल्ह्यातील प्राध्यापकास त्याचा पत्ताही नसावा, ही विसंगती केवळ केंद्रे उघडून दूर होण्यासारखी नव्हती.

देशव्यापी नोंद

या दृष्टीने जानेवारी २०२० मध्ये ‘आय-स्टेम’ हा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. ‘भारतीय विज्ञान, तंत्रज्ञान व अभियांत्रिकी सुविधा नकाशा’ असा त्याच्या नावाचा अर्थ आहे. केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाचा या उपक्रमास आधार असून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने त्याची उभारणी केली. सार्वजनिक निधीतून घेतलेल्या उपकरणांची माहिती त्यात एकत्र केली जाते आणि बाहेरील संशोधकास संस्थेचे शुल्क भरून उपकरणाची वेळ राखून ठेवता येते.

कचारगडचे उदाहरण

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहा हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान आहे. माघ पौर्णिमेच्या यात्रेस अनेक राज्यांतून भाविक येतात. समजा, जवळच्या महाविद्यालयातील एखाद्या शिक्षकास या डोंगरातील खडकांची खनिज-रचना अभ्यासावयाची आहे. त्यासाठी क्ष-किरण विवर्तन यंत्र लागते. एखाद्या प्राचीन कोळशाचे वय ठरवावयाचे झाल्यास अत्यल्प नमुन्यावरून कालमापन करणारी सुविधा नवी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात आहे. पाण्याच्या प्रदूषणाचा अभ्यास असेल, तर गोंदियापासून सुमारे १३० किलोमीटरवरील नागपुरात १९५८ मध्ये स्थापन झालेली आणि आज ‘नीरी’ या नावाने परिचित असलेली संस्था आहे. ही माहिती एका ठिकाणी मिळाली, तर दूरच्या तालुक्यातील जिज्ञासूचा प्रश्न केवळ साधनांअभावी अडून राहणार नाही.

मात्र सुविधा कोठे आहे एवढेच नकाशा सांगतो. श्रद्धास्थानी कोणता अभ्यास करावा आणि नमुने घ्यावेत की नाही, हे ठरविताना वन व पुरातत्त्वविषयक नियमांबरोबरच तेथील समाजाची संमतीही तितकीच महत्त्वाची आहे.

नियोजनास उपयोग

निधी मंजूर करणाऱ्यांना या नोंदींतून दोन गोष्टी कळतात. उपलब्ध यंत्राची पुनरावृत्ती टाळता येते आणि सुविधांपासून वंचित असलेला प्रदेश नजरेस येतो. यांपैकी दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. केवळ मागणी पाहून निधी दिल्यास तो मागणी करू शकणाऱ्या मोठ्या संस्थांकडेच जातो. ज्या भागात संशोधकच थोडे, तेथून अर्जही येत नाहीत. नकाशावरील रिकामी जागा हाच अशा भागाचा अर्ज समजला पाहिजे.

तथापि नोंद अद्ययावत नसेल, तर नकाशा दिशाभूल करतो. यंत्र कागदावर असून तंत्रज्ञाअभावी बंद असेल, तर शंभर कोस चालून आलेल्या संशोधकास विन्मुख परतावे लागते. म्हणून यंत्राबरोबर ते चालविणारा माणूस, देखभाल आणि अखंड वीज यांचीही तरतूद व्हावयास हवी.

पंचायत सदस्यांनी येथे एक भेद ध्यानात ठेवावा. विहिरीच्या पाण्याची नेहमीची तपासणी हे संशोधन नव्हे. त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. परंतु त्या तपासणीत वारंवार एकच दोष आढळला आणि त्याचे कारण उमगले नाही, तर तो प्रश्न संशोधनाचा होतो. तो जवळच्या महाविद्यालयापर्यंत पोहोचविण्याचे काम गावाने केले, तर देशाच्या प्रयोगशाळा गावाच्याही उपयोगी पडतील.