स्प्लाइनच्या दातांमधील फट

कोलशेतच्या रस्त्यावर मालट्रक खड्ड्यात आपटला, की मागची धुरा वरखाली होते. तिला फिरवणाऱ्या शाफ्टची लांबी मग कमीजास्त व्हावी लागते. त्यासाठी शाफ्टवरचे दात नळीतील खाचांत सरकतात. हीच स्प्लाइन.

रिळाचा दोरा ताणून उलगडा. त्याचे टोक जी वक्ररेषा काढते, ती इन्व्होल्यूट. दातांच्या बाजूंना हाच आकार देतात.

दातांच्या मध्यावरून जाणारे वर्तुळ ४० मिलिमीटर व्यासाचे आणि दात २० असले, तर दात व खाच प्रत्येकी सुमारे ३.१४ मिलिमीटर. इतके घट्ट दात वंगणाअभावी अडकतात. फार सैल दात आदळून झिजतात.

समजा, ०.०४ मिलिमीटर फट हवी. संगणकावर सगळे चित्रच लहान केले, तर रिळाचे वर्तुळ बदलते आणि दाताचा बाक खाचेशी जुळत नाही. म्हणून वर्तुळ तेच ठेवून केवळ दाताची जाडी ३.१० मिलिमीटर करावी.