आधी गळ्यातली चाल, मग पेटी

आम्ही पिंपळगाव राजाच्या बाया. आज पेटीबद्दल, म्हणजे हार्मोनियमबद्दल बोलू.

बायांच्या भजनात म्हणणाऱ्या बाया, टाळ वाजवणाऱ्याही बाया. पेटीवर मात्र कुणी दादा नाहीतर काका बसतात. ते शेतात अडकले, की आमचं भजन बिनपेटीचं व्हायचं. म्हणून आपणच शिकायचं ठरवलं. शिकवणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून सारेगमचे पलटे दिले. महिन्याभरात निम्म्या जणी गळाल्या. वाटलं, हे आपलं काम नाही.

चूक आमच्या बोटांची नव्हती. भाता नवा, पट्ट्या नव्या आणि सूरही नवे. एकदम तीन गोष्टी शिकायच्या, आणि चुकलं तरी कळायचं नाही. चाल ओळखीची असली, की चूक कानालाच कळते. मग शिकायची ती फक्त बोटं.

म्हणून आम्ही भुलाबाईच्या गाण्यांपासून पुन्हा सुरुवात केली. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपण लहानपणी ती म्हटलेली. थोडे सूर, आणि ओळीमागून ओळ तीच चाल. पाळणा किंवा जात्यावरची ओवीही चालेल.

आता रीत ऐका. डाव्या हाताने भाता सावकाश, सारखा हलवा. धक्के दिले की सूर तुटतो. उजव्या हाताचा अंगठा पांढरी एकवर ठेवा. हा आपला सा. पुढच्या चार पांढऱ्या पट्ट्यांवर चार बोटं ठेवली, की रे, ग, म, प. आता चाल गुणगुणा. ओळ जिथे विसावते, तो बहुधा सा असतो. तिथून मागे-पुढे एकेक सूर शोधा. एका दिवशी एकच ओळ. एखादा सूर खटकला, तर शेजारची काळी पट्टी दाबून पाहा. तो बहुधा कोमल सूर असेल.

चाल वर चढली, की पांढरी एकमध्ये आपला गळा ताणतो. तेव्हा सा काळी चारवर न्या. मग रे काळी पाच, ग पुढची पांढरी एक, म काळी एक, प काळी दोन. पुष्कळ बायांच्या गळ्याला ही पट्टी मानवते. बोटं थोडी अडखळतील, पण चाल पाठ असल्यामुळे रस्ता चुकणार नाही.

ही रीत काही आमचा शोध नाही. जपानचे व्हायोलिन शिक्षक शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) म्हणत, मूल मातृभाषा ऐकून शिकतं, तसंच वाद्यही शिकावं. आधी कान, लिहिलेले सूर वाचणं नंतर. माणसाहून उंच असलेलं डबल बास हे तंतुवाद्यसुद्धा त्यांच्या पद्धतीनं मुलांना शिकवतात.

पलटे टाकून द्यायचे नाहीत, बरं का. दोन-तीन चाली बसल्या, की बोटं मोकळी व्हायला तेच पलटे कामी येतात. आणि तोवर ते कशासाठी करायचे, हेही कळलेलं असतं.

तेव्हा मंडळाची पेटी असेल, तर तिच्यावरचं कापड काढा. दोघी-दोघी बसा, एकीनं म्हणायचं, दुसरीनं सूर शोधायचे. पहिली ओळ वाजली, की मग पेटीवर कोण बसणार, हे विचारायला दुसऱ्याच्या दारात जावं लागणार नाही.

रामराम!