जुन्या गाडीच्या ब्रेकमधली हवा

पेडल दाबल्यावर ते कडक न लागता मऊ लागले, आणि दोन-तीन पंप मारल्यावरच ब्रेक पकडू लागले, तर ब्रेकमध्ये बहुधा एअर शिरलेली असते. ब्रेक ऑइल दाबले तरी जवळजवळ आकसत नाही, म्हणून पायाचा जोर मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. हवा मात्र आकसते. पाइपात तिचा बुडबुडा असला की पायाचा बराचसा जोर त्यालाच दाबण्यात खर्ची पडतो.

पण हवा प्रत्येक गाडीच्या ब्रेकची शत्रू नसते, हे कुंभकोणमात कळते. ते बसचे मोठे ठाणे. चोळन रोडवेज हे सरकारी महामंडळ १९७२ मध्ये इथे सुरू झाले. आज तमिळनाडू राज्य परिवहनाच्या कुंभकोणम महामंडळाचे मुख्यालयही इथेच आहे. मोठ्या बसचे ब्रेक दाबलेल्या हवेवरच चालतात. तिथे हवेच्या टाकीत साचलेले पाणी काढावे लागते. उत्तरपाड्याला २०१४पर्यंत बनत असलेली अॅम्बॅसडर किंवा कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी यांचे ब्रेक ऑइलवर चालतात, आणि तिथे हवा हाच शत्रू.

कावेरी आणि अरसलार यांच्यामधल्या कुंभकोणमात दमटपणा भरपूर, आणि नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. कोरड्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. पाणी मुरल्यावरची मर्यादा १४० अंशांवर येते. सपाट मुलखात हा दोष सहसा कळत नाही. तीच गाडी कोडाईकनालचा घाट उतरू लागली की ड्रम तापतात, ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल खाली जाते. म्हणून नुसते बुडबुडे न काढता सगळे जुने ऑइल बदलणे हेच खरे काम.

आधी ब्रेकशू अॅडजस्ट करावेत. सैल शूमुळेही पेडल खोल जाते आणि दोष हवेवर येतो. मग मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बहुधा मागच्या डाव्या, चाकापासून सुरुवात करावी. त्या चाकाच्या हवा काढायच्या निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवावे. आत बसलेला माणूस पेडल सावकाश दाबून धरतो. चाकाजवळचा माणूस निपल पाऊण फेरा सैल करतो. गढूळ ऑइलबरोबर बुडबुडे येतात. निपल पुन्हा आवळल्याशिवाय पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत ओढली जाते. ऑइलची टाकी रिकामी होऊ दिली तर सगळे काम पहिल्यापासून करावे लागते.

जुन्या मास्टर सिलिंडरच्या तळाकडचा भाग वर्षानुवर्षे न वापरल्याने गंजलेला असतो. पेडल तळापर्यंत नेले तर रबरी वॉशरची कड त्यावर घासून फाटते. म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. इंजिन ऑइल तर चुकूनही घालू नये, त्याने रबर फुगते.

शेवटी पेडल जोराने दाबून अर्धा मिनिट धरावे. ते हळूहळू खाली सरकत गेले, तर बाहेर कुठे गळते ते आधी पाहावे; बाहेर गळती नसेल तर मास्टर सिलिंडर आतून गळतो आहे, आणि कितीही हवा काढली तरी ती गाडी रस्त्यावर आणू नये.