रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग ठणकतेच
अंगभर टिकून राहणाऱ्या दुखण्याविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘डॉक्टरसाहेब, सारं आंग दुखून राह्यलं जी. रात्री झोप नाही, सकाळी उठवत नाही.’ वणी, मारेगाव, झरी-जामणीकडच्या दवाखान्यांत ही तक्रार नवी नाही. मग रक्त तपासले जाते, एक्स-रे निघतो, कुणी नागपूरला जाऊन एमआरआयही करून येते. प्लास्टिकच्या पिशवीतली फाईल जाड होत जाते आणि प्रत्येक कागदावर शेरा एकच : नॉर्मल. दुखणे तसेच राहते. घरचे कंटाळतात आणि पेशंटला स्वतःचीच शंका येऊ लागते. तीन महिन्यांहून जास्त काळ अंगभर राहणाऱ्या दुखण्याचे निदान रेंगाळण्यामागे काही पक्के गैरसमज असतात. ते दूर झाले तर अनेकांची वर्षांची पायपीट वाचेल.

गैरसमज : रिपोर्ट नॉर्मल आले, म्हणजे आजार नाही.

वस्तुस्थिती : नेहमीच्या चाचण्या सूज, जंतुसंसर्ग, रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता अशा गोष्टी शोधतात. असे अंगभर टिकून राहणारे दुखणे ज्याने होते, त्या फायब्रोमायल्जिया या आजाराची खूण मात्र रक्तात किंवा एक्स-रेत सापडत नाही. त्याचे निदान नीट विचारपूस करून आणि अंग तपासूनच होते. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीने १९९० मध्ये त्याचे निकष ठरवले, तेव्हा शरीरावरच्या १८ ठरावीक जागांपैकी किमान ११ जागा दाबल्यावर दुखाव्यात, अशी अट होती. २०१० मध्ये पद्धत बदलली आणि २०१६ मध्ये ती आणखी सुधारली. आता मान, जबडा, खांदे, दंड, छाती, पोट, पाठ, कंबर, मांड्या, पोटऱ्या असे शरीराचे १९ भाग धरून गेल्या आठवड्यात कुठे कुठे दुखले ते विचारतात. थकवा, झोपून उठल्यावरही न उतरलेला शीण आणि लक्ष न लागणे यांचेही गुण मांडतात. हे कागद-पेनावर होणारे काम आहे, पण त्यासाठी डॉक्टरांना वेळ द्यावा लागतो आणि पेशंटला बोलू द्यावे लागते. जगभरात साधारण २ ते ४ टक्के लोकांना हा आजार असतो. बायकांमध्ये तो जास्त आढळतो, पण पुरुषांनाही होतो.

गैरसमज : हे मनाचे खेळ आहेत. बाई फार मनाला लावून घेते.

वस्तुस्थिती : २००२ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. फायब्रोमायल्जियाचे रुग्ण आणि निरोगी माणसे यांच्या अंगठ्यावर दाब देऊन त्याच वेळी मेंदूचा स्कॅन घेतला. निरोगी माणसाला जेवढे दुखायला बराच जास्त दाब लागला, तेवढेच रुग्णांना हलक्या दाबाने दुखले आणि मेंदूतली वेदनेची केंद्रेही तशीच जागी झालेली दिसली. म्हणजे वेदना खरी आहे. बिघाड आहे तो वेदनेचे संदेश हाताळणाऱ्या मज्जासंस्थेत. झोपेचाही यात मोठा वाटा आहे. १९७५ मधल्या एका कॅनेडियन प्रयोगात धडधाकट तरुणांची गाढ झोप रात्री मुद्दाम मोडली, तेव्हा त्यांचेही अंग दुखू लागले. डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिनसारखी गोळी लिहून दिली आणि मेडिकलवाल्याने ती ‘डिप्रेशनची’ आहे म्हणून सांगितले, तर घाबरू नये. या गोळ्या वेदनेच्या संदेशांवरही काम करतात. दीर्घ दुखण्यासोबत उदासी येऊ शकते आणि तिच्यावरही उपचार व्हायला हवेत, पण त्यामुळे दुखणे खोटे ठरत नाही.

गैरसमज : अंगदुखी म्हणजे वातच. आरए फॅक्टर केला की कळते.

वस्तुस्थिती : निरोगी माणसांतही काहींचा आरए फॅक्टर पॉझिटिव्ह येतो आणि खऱ्या आमवाताच्या कित्येक रुग्णांत तो निगेटिव्ह असतो. सांध्यांना सूज आहे का आणि सकाळचा ताठरपणा तासाभराहून जास्त टिकतो का, हे त्या एका आकड्याहून जास्त सांगते. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ पासून केलेली पाहणी इथे आठवावी. चार हजारांवर प्रौढांत सुमारे १८ टक्क्यांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे होते. आमवात मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपासच निघाला. खेड्यातले बहुतेक दुखणे आमवाताबाहेरचे असते, हे या पाहणीने दाखवून दिले.

गैरसमज : फायब्रोमायल्जिया म्हटले की बाकी काही पाहायला नको.

वस्तुस्थिती : आपल्या भागात तरी ही घाई नडू शकते. इथे तीन गोष्टी मुद्दाम विचारल्या पाहिजेत.

पहिली, *पाणी कुठले पिता?* वणीशेजारच्या पांढरकवडा परिसरातल्या भूजलात फ्लोराइड जास्त असल्याचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर कंबर, मान, गुडघे दुखतात, आखडतात. सुरुवातीला ते संधिवातासारखेच वाटते. घरातल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतील तर संशय बळावतो. लघवीतील फ्लोराइडची तपासणी आणि हाताच्या पुढच्या भागाचा एक्स-रे यांनी खात्री करता येते. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. त्यामुळे बोअरचे किंवा हातपंपाचे पाणी तपासून घेणे आणि स्रोत बदलणे हाच खरा उपचार आहे.

दुसरी, *घरात कुणाला सिकलसेल आहे का?* मध्य भारतातली सिकलसेलची नोंद १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली, आणि विदर्भात हा आजार आजही मोठा आहे. त्याचे दुखणे सहसा झटक्याने येते, सोबत रक्त कमी असते, डोळे पिवळे दिसतात. साध्या सोल्युबिलिटी चाचणीनंतर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री होते. नुसता वाहक असलेल्या माणसाला मात्र सहसा दुखत नाही. तेव्हा ‘एएस’ लिहिलेले कार्ड दाखवले म्हणून शोध तिथेच थांबवू नये.

तिसरी, *चिकुनगुनिया होऊन गेला का?* २००६ च्या साथीत देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. ताप आठवड्यात उतरतो, पण काहींचे सांधे महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे दुखत राहतात.

शिवाय थायरॉइड, ‘ड’ जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन पाहावेच. आणि एकाच माणसाला दोन आजार असू शकतात : दुसरे निदान झाले म्हणून फायब्रोमायल्जिया बाद होत नाही, असे २०१६ चे निकष स्पष्ट सांगतात.

गैरसमज : सुईने लगेच आराम पडतो, म्हणजे तेच खरे औषध.

वस्तुस्थिती : नाव नसलेल्या पुड्या आणि अंगदुखीच्या सुया यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. चार दिवस बरे वाटते, पण वारंवार घेतल्याने साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, दबलेला क्षयरोग डोके वर काढू शकतो. फायब्रोमायल्जियात स्टेरॉइडचा उपयोगही नाही. अशी औषधे बरेच दिवस घेतली असतील तर अचानक बंद न करता डॉक्टरांना तसे सांगावे.

गैरसमज : दुखते तर पडून राहावे.

वस्तुस्थिती : २०१७ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत ज्या एका उपायाची ठाम शिफारस आहे, तो म्हणजे व्यायाम. सुरुवात अगदी थोड्या चालण्याने करावी आणि दर आठवड्याला थोडे वाढवावे. दिवसभर वाकून कापूस वेचणारी बाई म्हणेल, ‘माझा व्यायाम होऊनच जाते.’ तसे नाही. एकाच ठेवणीत तासन्‌तास राबणे म्हणजे शरीर झिजवणे. तिला मधूनमधून पाठ सरळ करायला आणि रात्री पुरेसे झोपायला मिळाले पाहिजे. ते घरच्यांच्या हातात आहे.

दवाखान्यात जाताना

दुखणे कधी सुरू झाले, कुठे कुठे दुखते, झोप कशी आहे, कुठल्या गोळ्या-सुया झाल्या आणि पाणी कुठले, हे एका कागदावर लिहून न्या. जुनी फाईल तारखेप्रमाणे लावा. वजन घटणे, ताप, सांध्यांना सूज, हातापायांत कमजोरी, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे, यातले काही असेल तर थांबू नका. वणीत उलगडा झाला नाही तर यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा नागपूरचे एम्स गाठा. पुन्हा नवा एमआरआय करण्याआधी डॉक्टरांना सरळ विचारा : ‘आतापर्यंत कुठली कारणे नाहीत हे ठरले, आणि कुठली पाहायची राहिली?’ हा प्रश्न विचारणे पेशंटचा हक्क आहे, आणि त्याचे उत्तर फाईलमध्ये लिहून घेतले तर पुढच्या डॉक्टरला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.